खालच्या रानातली माती

मातीताईला लोक सगळं सांगतात, फक्त खरं सांगत नाहीत. घरातली भांडणं सांगतात, सुनेची गाऱ्हाणी सांगतात, कुठला गुडघा कुठल्या कुशीवर दुखतो तेही सांगतात. पण "ही माती रानातल्या कुठल्या जागेवरून आणली?" असं विचारलं, की चांगला बोलका माणूस आभाळाकडे बघायला लागतो.

तिचं खरं नाव ऑफिसच्या हजेरीपुरतं. शेती खात्यात तिचं काम विस्ताराचं, म्हणजे गावोगाव फिरायचं आणि प्रयोगशाळेत जे कळलंय ते शेतकऱ्याच्या बांधावर नेऊन पोचवायचं. त्यातही माती तपासून घ्या म्हणून ती हात धुऊन मागे लागते, म्हणून तिला सगळे मातीताई म्हणतात. रस्त्यात तिची स्कूटर दिसली की निम्मे लोक हात करतात आणि निम्मे उसात शिरतात.

सांगणं तरी काय अवघड असतं हो तिचं? रानात नागमोडी चाला. आठ-दहा ठिकाणी थांबा. वरचा पालापाचोळा बाजूला सारा, खुरप्याने वीतभर खड्डा करा, खड्ड्याच्या कडेची माती वरून खालपर्यंत खरवडून घमेल्यात घ्या. सगळी एकत्र कालवा, सावलीत वाळवा, त्यातली अर्धा किलो स्वच्छ पिशवीत भरा आणि नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी आत टाका. बांधाजवळची नको, झाडाखालची नको, उकिरड्याजवळची तर बिलकूल नको. झालं! शेंबड्या पोरालाही जमेल.

लोक माना डोलावतात, चहा पाजतात आणि नेमकी उकिरड्याजवळची माती आणून देतात. का, तर ती काळीभोर, भुसभुशीत, दिसायला देखणी असते.

"अहो काका, ही का आणलीत?"

"तपासणीला चाललीय ना ताई? मग चांगली नको द्यायला?"

"काका, ताप तुम्हाला आला तर डॉक्टरकडे भावाला पाठवता का?"

"भावाला कशाला? तो ठणठणीत आहे."

आता बोला! अशा वेळी ताई डोळे मिटते, मनातल्या मनात काहीतरी पुटपुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. "काका, ही परीक्षा नाही, तपासणी आहे. इथे कुणी पास होत नाही, कुणी नापास होत नाही." हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलंय की तिच्या नवऱ्याने ते तिला झोपेत बडबडतानाही ऐकलंय.

पण लोकांच्या डोक्यातून परीक्षा काही जात नाही. एका शिंप्याचा किस्सा ऐका. दुकान सांभाळून थोडी शेती करणारा माणूस. त्याच्या मातीचा रिपोर्ट आला, सामू नऊ. सामू म्हणजे माती आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा. तो सातच्या आसपास असला की बरं. नऊ म्हणजे कपाळाला हात लावायची वेळ. ताई धावतपळत त्याच्या दुकानात गेली, तर रिपोर्टला प्लॅस्टिकचं आवरण घालून तो भिंतीवर टांगलेला, मुलाच्या पदवीच्या शेजारी! शेजाऱ्याला साडेसहाच मिळाले म्हणून शिंपी आठवडाभर त्याच्याशी मोठेपणाने बोलत होता.

"दहापैकी नऊ, ताई!"

"अहो दहापैकी नाही, हे माप चौदापर्यंत जातं."

शिंप्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाला, "असू दे. तरी पहिला वर्ग आहे."

गावांचं सोडा, ऑफिसात तरी काय मोठी अक्कल वाटून जातेय? साहेबांचा रोजचा प्रश्न एकच, "पिशव्या किती आल्या?" त्या पिशव्यांत माती आहे की वाळू की शेंगांची टरफलं, हे साहेबांनी आजवर विचारलेलं नाही. मागे एका सहकाऱ्याने तर कमालच केली. महिनाअखेर आली, पिशव्या भरेनात, तेव्हा या पठ्ठ्याने ऑफिसच्या मागच्या बागेतली माती उपसली आणि गावोगावच्या नावांनी भरून पाठवून दिली. सगळे रिपोर्ट हुबेहूब एकसारखे. साहेब खूश. बैठकीत म्हणाले, "आपल्या भागातली जमीन किती एकसंध आहे, बघा!" ताई ते ऐकून बाहेर गेली आणि माठातलं पाणी दोन पेले प्यायली.

तर असं हे सगळं. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात ना, त्यातली गत. कारण एक दिवस प्रयोगशाळेतून आलेल्या गठ्ठ्यात तिला तिच्या धाकट्या भावाच्या नावाचा रिपोर्ट दिसला.

धाकटा शहरात कारखान्यात होता. कारखाना बंद पडला आणि तो बायको-मुलींसह गावी परत आला. गावात आल्यावर तो काही दिवस नुसता ओट्यावर बसून असायचा. कुणी काय करतोस विचारलं की घरात जायचा. मग त्याने लिंबाची बाग लावायचं मनावर घेतलं. पुस्तकं वाचली, बागा बघून आला, माणूस पुन्हा जेवायला-हसायला लागला. अण्णांनी, म्हणजे ताईच्या वडिलांनी, त्याला खालचं रान दिलं. ओढ्याच्या अंगाचं, काळं, सलग. एके काळी त्या रानातलं पीक बघायला लांबून लोक यायचे. कलमांची गाडी आठवड्याभरात येणार होती. त्याआधी माती तपासून घ्या, असं ताईनेच फोनवर घसा कोरडा करून सांगितलं होतं. "मी येऊन काढते," असंही म्हणाली होती, पण अण्णा म्हणाले, "तू कशाला खेटे घालतेस? मी धाडतो." आणि धाडली.

ताईने रिपोर्ट वाचला. क्षार नाममात्र. सामू सातच्या जरासा वर. जमीन हलकी ते मध्यम, पाण्याचा निचरा उत्तम, लिंबासाठी योग्य. खाली तिच्याच ऑफिसचा गोल शिक्का.

"निचरा उत्तम?" ती इतक्या मोठ्याने ओरडली की पलीकडचा कारकून दचकला. "खालच्या रानात? अहो, तिथे चप्पल रुतली तर पाय वर येतो, चप्पल येत नाही!"

तिने भावाला फोन लावला. त्याची प्रत त्याला आधीच पोचली होती आणि तो आनंदाने उसळत होता. "ताई, पाहिलास ना? एकदम फर्स्ट क्लास! अण्णा म्हणालेच होते!" त्याचा तो आवाज ऐकून तिला पुढचं बोलवेना. उद्या येते एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. ताईने स्कूटरच्या पायापाशी कुदळ आडवी ठेवली तेव्हा नवरा म्हणाला, "माहेरी चाललीस की धाड घालायला?"

"दोन्हीला," ताई म्हणाली.

घरी पोचली तर आई स्वयंपाकघरात विळीवर भाजी चिरत बसली होती. लेकीला बघून तिचा चेहरा फुलला. "बघ बाई, पास झाली ना माती? होणारच. मी स्वतः निवडून दिली होती."

"निवडून?"

"मग! चाळणीने चाळली, एकेक खडा वेचून काढला. तुझ्या साहेबांच्या हातात जाणार, खड्यांसकट कशी द्यायची? लोक म्हणतील, आईला काही वळण आहे की नाही."

"आई, ती माती होती गं. तांदूळ नव्हते!" ताईने कपाळावर हात मारून घेतला. मग हात कपाळावरच राहिला. "थांब. खडे होते?"

"होते की, ओंजळभर."

"खालच्या रानात खडे कुठून आले? लहानपणी आम्हाला पाखरांना मारायला एक दगड सापडायचा नाही तिथे. खडे आहेत ते वरच्या रानात."

आईचा विळीवरचा हात थांबला. तिने दाराकडे पाहिलं. दारात अण्णा उभे होते, आणि त्यांनी ताबडतोब आभाळाकडे पाहिलं.

बस, ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर दुनियेला ओरडून सांगितलं, घसा फोडला, आणि सख्ख्या बापाने तेच करावं? परक्या काकांना निदान कळत नव्हतं. अण्णांना चांगलं कळत होतं!

"अण्णा, माती कुठली दिलीत?"

"मातीसारखी माती. तुला काय करायचंय?"

"मला काय करायचंय? शिक्का माझ्या ऑफिसचा आहे! लिंबाच्या मुळाला खार सोसत नाही. पहिली दोन वर्षं झाडं हिरवीगार दिसतील, तिसऱ्या वर्षी शेंड्यापासून वाळत येतील. मग काय करणार तुमचा लेक?"

"रानाला खार आहे असं कोण म्हणतं?" अण्णांचा आवाज चढला. "चार बुकं शिकलीस म्हणून बापाला शेती शिकवतेस? त्या रानावर तुझं शिक्षण झालंय. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं? झाकलं असेल ते झाकलेलं राहू दे."

"ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असं किती दिवस चालणार, अण्णा?"

तेवढ्यात धाकटा आला. हातात खड्ड्यांची आखणी करायची दोरी होती, कपडे मातीने माखलेले. त्याने आधी हसून बघितलं, मग एकेकाचे चेहरे बघून हसणं आवरलं. ताईने त्याला सांगितलं की रिपोर्ट खरा आहे, पण तो या रानाचा नाही.

तो रिपोर्टची घडी खिशातच घेऊन फिरत होता. त्याने ती उघडली. "यावर शिक्का तुमच्याच ऑफिसचा आहे ना? मग तुमचं ऑफिस खोटं की तू खोटी?"

"अरे, ऑफिसला पिशवीत जे मिळालं ते त्यांनी तपासलं. आंधळ्याला जे हातात द्याल तेच तो चाचपणार."

"अण्णा, पिशवीत खालचीच माती होती ना?" धाकट्याने विचारलं.

अण्णा म्हणाले, "होती."

नुसतं होती. डोळ्याला डोळा न देता. आई विळी तशीच टाकून उठली आणि मागच्या दाराने बाहेर गेली.

"झालं तर मग," धाकटा म्हणाला. त्याने रिपोर्टची घडी परत खिशात घातली. "ताई, खरं सांग. मी इथे परत आलेलो तुला खुपतंय का? तुझी नोकरी आहे, मान आहे. मला एवढं एक मिळतंय, तर त्यातही तू खोट काढायला आलीस."

हे मात्र ताईला फार लागलं. हा धाकटा तिच्या कडेवर वाढलेला. कारखाना बंद पडला तेव्हा त्याच्यापेक्षा जास्त ती रडली होती. तिला वाटलं, सरळ स्कूटर काढावी आणि निघून जावं. लावा म्हणावं लिंबं, नाहीतर नारळ लावा, मला काय त्याचं. पालथ्या घड्यावर पाणी घालून घालून हात दुखले माझे. ती तणतणत अंगणात आली, किल्ली लावली, आणि मग शिव्या देत किल्ली परत काढली. कुणाला शिव्या देत होती ते तिचं तिलाही ठाऊक नसेल. तिने कुदळ उचलली आणि खालच्या रानाची वाट धरली.

रान वरून नांगरून साफ केलेलं, दिसायला नवरीसारखं. बागेसाठीची माती वीतभर खोदून कळत नाही. मुळं जिथवर जाणार तिथवर, कमरेइतका खड्डा घेऊन थराथराने बघावी लागते. ताईने रानाच्या मधोमध कुदळ घातली. वरची ढेकळं निघाली, पण खाली माती अशी चिवट की कुदळ आत जाई आणि बाहेर यायला नको म्हणे. थोड्या वेळात ताई धापा टाकायला लागली. पदर खोचला, चपला भिरकावल्या, पुन्हा खणायला लागली. "एकसंध जमीन म्हणे," ती स्वतःशीच करवादली. "पहिला वर्ग म्हणे!"

"तिथे नको खणू."

अण्णा बांधावर उभे होते. त्यांच्या खांद्यावर फावडं होतं.

"खणणार," ताई म्हणाली. "अडवा मला."

"तिथे नको म्हणतोय. तिथे तुला काही धड कळायचं नाही." अण्णा रानात उतरले. तिच्या अंगावरून पुढे गेले आणि इकडे तिकडे न बघता सरळ ओढ्याकडच्या कोपऱ्याकडे चालू लागले. एका जागी थांबून त्यांनी फावड्याने वरची नांगरट बाजूला सारली. खाली पिठासारखा पांढरा थर होता. "इथून सुरू झालं," ते म्हणाले. "मग त्या बाभळीपर्यंत गेलं. आता पार मध्यावर आलंय. दर वर्षी मी नांगर घालून खाली दाबतो, दर वर्षी ते वर येतं."

ताई त्यांच्या मागोमाग कोपऱ्यात आली. ज्या माणसाने सकाळपासून कानावर हात ठेवले होते, त्याला आजाराची जागा डोळे मिटूनसुद्धा सापडत होती.

अण्णा खणायला लागले. या वयातही त्यांचा हात तिच्यापेक्षा सरस चालत होता. खणता खणता, तिच्याकडे न बघता बोलत होते. "कालव्याचं पाणी आलं ना, तेव्हा मी दिवसरात्र पाट सोडून ठेवायचो. रान डबडबून जायचं. बरं वाटायचं बघायला. तेव्हा तुझ्या खात्याचाच एक माणूस यायचा, सायकलवरून. म्हणाला, पाणी आवरा, चर खणून वाट काढून द्या, नाहीतर खालचं मीठ वर येईल. मी त्याला बांधावरून हाकलला. चारचौघांत म्हणालो, पाणी पाजून कधी कुणी मेलंय का? सगळे हसले त्याला. परत आला नाही बिचारा."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?" ताईला राग आवरेना. "मी याच खात्यात इतकी वर्षं घालवली, अण्णा! दर सुट्टीत इथे येते! एकदा, एकदा तरी म्हणायचं होतं!"

"काय म्हणू? गावाला माती तपासा म्हणून सांगत फिरणाऱ्या बाईच्या बापाने स्वतःचं रान नासवलं, असं म्हणू?" अण्णांनी फावडं टेकवलं. "धाकटा परत आला तेव्हा कसा बसून असायचा, तू पाहिलंस ना? मला त्याला चांगलं काहीतरी द्यायचं होतं गं. लोक अजून म्हणतात, खालचं रान म्हणजे सोनं. माझ्याजवळ द्यायला मोठं असं हेच होतं. नुसतं नावाचं का होईना."

ताईला त्यांचा राग यायचा होता तो आलाच, आणि त्याबरोबर रडूही आलं. दोन्ही एकदम आलं की माणसाचं तोंड कसं होतं, तसं तिचं झालं होतं. तिने मातीच्या हाताने डोळे पुसले आणि डोळ्यांत माती गेली. खड्ड्याच्या तळाला पाणी झिरपायला लागलं होतं. अण्णांनी त्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकले.

मागे पावलं वाजली. धाकटा आला होता. कधीपासून उभा होता कोण जाणे. त्याने पांढरा थर पाहिला, खड्ड्यातलं पाणी पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. हातातली दोरी त्याने हळूच खाली ठेवली.

"कलमं परवा येताहेत," तो एवढंच म्हणाला.

"येऊ देत," अण्णा म्हणाले. "वरच्या रानात लाव. रिपोर्ट त्याच रानाचा आहे. उत्तम आहे म्हणतात."

"वरचं रान तुमचं आहे अण्णा. तुमचं धान्य, तुमचा गोठा, सगळं तिथे."

"होतं." अण्णा खड्ड्यातून वर यायला लागले, धाकट्याने पुढे होऊन हात दिला. हात धरून ठेवतच ते म्हणाले, "लिंबाला खार सोसत नाही. ताई मघाशी सांगत होती ना? ऐकत जा जरा."

धाकट्याने अण्णांचा हात सोडला. रानाच्या मधोमध जाऊन त्याने ताईने भिरकावलेल्या चपला उचलल्या, झटकल्या आणि तिच्यापुढे आणून ठेवल्या. त्यांच्या घरात माफी अशीच मागतात; तोंडाने मागितलेली कुणाला आठवत नाही.

मग तिघांनी मिळून माती काढली. अगदी रीतसर. वरच्या थराची वेगळी, मधल्या थराची वेगळी, तळची वेगळी. अण्णा दर वेळी विचारत, "एवढी पुरे?" आणि ताई खेकसे, "त्या कडेची घ्या. ती नको, ती चांगली दिसतेय म्हणून घेऊ नका!" चर कुठून काढायचे, हिरवळीचं खत कधी गाडायचं, कालव्याचं पाणी किती द्यायचं, हे ती एकीकडे सांगत होती, आणि या वेळी अण्णा आभाळाकडे बघत नव्हते. वेळ लागेल, ती म्हणाली, काही वर्षं लागतील. अण्णा म्हणाले, बघू.

पिशव्या भरून झाल्या. ताईने मांडीवर चिठ्ठ्या घेतल्या, पेनाचं टोपण काढलं. मागच्या पिशवीवर अण्णांनी धाकट्याचं नाव घातलं होतं, म्हणून तिने तेच लिहायला घेतलं.

"नापास होणार ना गं?" अण्णांनी विचारलं.

ही परीक्षा नाही, तपासणी आहे. वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने ते गिळलं.

"होणार, अण्णा."

"मग त्याचं नाव नको," अण्णा म्हणाले. "माझं टाक."

ताईने ती चिठ्ठी चुरगळली आणि दुसऱ्या चिठ्ठीवर त्यांचं नाव लिहिलं.